खान्देशातला घरचा नाताळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की खान्देशात थंडी खऱ्या अर्थाने अंगाला झोंबू लागते. शेतांत कपाशीची वेचणी चाललेली असते, जळगावच्या बाजारात भरिताच्या हिरव्या वांग्यांचे ढीग लागतात आणि धुळ्यात सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. याच दिवसांत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या शहरांतल्या काही घरांत, दिवाळी होऊन महिना-दीड महिनाच झालेला असताना, पुन्हा एकदा कढई चढते. करंज्या भरल्या जातात, चकलीचा सोऱ्या पुन्हा खाली निघतो, ओसरीवर कागदी तारा टांगला जातो. ही मराठी ख्रिस्ती कुटुंबांची घरे होत. त्यांचा नाताळ जवळ आलेला असतो.

दुकानांच्या काचांमागे दिसणारा नाताळ निराळा असतो. कापसाचा बर्फ, हरणांची गाडी, लाल टोपीतला सांताक्लॉज आणि प्लॅस्टिकचे झाड हे त्याचे रूप आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मात्र ‘पारंपरिक नाताळ’ म्हणजे काय, असे खान्देशातील एखाद्या ख्रिस्ती आजीला विचारले, तर ती बर्फाचे नाव घेणार नाही. ती फराळाचे डबे, पेटीवरची भजने, पहाटेची उपासना आणि शेजाऱ्यांकडे गेलेली ताटे यांविषयी बोलेल. या घरगुती नाताळाचा हा परिचय.

खान्देशातील ख्रिस्ती कुटुंबे

१९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, तर पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा वेगळा करण्यात आला.

या प्रदेशात ख्रिस्ती धर्म अनेक वाटांनी आला. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने काम केले. हेच मिशन शेजारच्या वऱ्हाडातही होते. पश्चिमेकडे, विशेषतः नवापूर, नंदुरबार, शहादा या भागांतील आदिवासींमध्ये, ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’ची केंद्रे होती. हे मिशन अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या पाठबळावर उभे राहिले होते. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तिसरी वाट रेल्वेची. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला आणि पुढे ते मोठे जंक्शन झाले. त्याबरोबर गोमंतकीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे रेल्वेच्या वसाहतीत राहावयास आली. शिक्षक, परिचारिका आणि कारकून म्हणून नगर-नाशिककडून येऊन येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. कॅथलिक मंडळींसाठी १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात.

संख्येने हा समाज लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती. हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरते. त्यातील मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि नगर या भागांत आहे. साहजिकच जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या आळीत ख्रिस्ती घर बहुधा एखादेच असते. वसईसारखा गावभर साजरा होणारा नाताळ येथे नसतो. येथील नाताळ मुख्यतः घरातच साजरा होतो, आणि त्याची खरी ओळखही तेथेच पटते.

शब्द आणि तिथी

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ ‘जन्माचा’ असा आहे. प्रॉटेस्टंट घरांत ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्दही वापरतात. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळला जात असल्याचा सर्वांत जुना उल्लेख चौथ्या शतकातील रोमचा आहे. गव्हाणीचा देखावा मांडण्याच्या प्रथेचे श्रेय संत फ्रान्सिस असिसीकर यांना देतात. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी त्यांनी असा देखावा उभा केला होता. सजवलेले झाड ही जर्मन प्रदेशातील चाल. इंग्लंडमध्ये ती राणी व्हिक्टोरियाच्या काळात, १८४० च्या दशकात रुळली. आज ‘पारंपरिक’ म्हणून विकले जाणारे अनेक प्रकार असे तुलनेने अलीकडचे आहेत. त्यामानाने मराठी ख्रिस्ती घरातील करंजी काही कमी जुनी नव्हे.

तारा आणि गव्हाणी

तयारीची सुरुवात घर झाडण्यापासून होते. जुन्या घरांत भिंतींना चुना लावला जाई. त्यानंतर ताऱ्याचे काम निघे. मागी लोकांना बेथलेहेमची वाट दाखवणारा तारा हे नाताळाचे मुख्य चिन्ह. तो करण्याची रीत मात्र आकाशकंदिलाचीच आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधायचे आणि ते एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची. मग आतल्या बाजूला, जेथे कामट्या एकमेकींना छेदतात तेथे, वीतभराहून लहान अशा पाच काड्या आडव्या बसवायच्या. त्यामुळे दोन्ही तारे फुगतात आणि मध्ये दिव्यासाठी पोकळी तयार होते. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा आणि एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवायची. पूर्वी आत पणती ठेवत, पुढे विजेचा दिवा आला. कागद जळण्याची भीती असल्याने आता कमी उष्णतेचा एलईडी दिवा लावणे केव्हाही चांगले.

गव्हाणी विशेषतः कॅथलिक घरांत मांडतात. खोक्याचा गोठा, मातीच्या मूर्ती, खाली गवत किंवा कडबा एवढे साहित्य पुरते. गोवा, वसई, मुंबई येथील अनेक घरांत आठ-दहा दिवस आधी मातीत गहू पेरून त्याचे कोवळे अंकुर गव्हाणीभोवती ठेवतात. ही परडी पाहिली की नवरात्रातल्या घटाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. तोपर्यंत ती जागा रिकामीच असते आणि घरातली मुले त्या रिकाम्या जागेकडे पाहत दिवस मोजतात.

झाडासाठी देवदार किंवा पाइन आपल्याकडे कोठून मिळणार? त्यामुळे सुरूची एखादी फांदी कुंडीत रोवून तिच्यावर रंगीत कागदाच्या साखळ्या सोडण्याची पद्धत महाराष्ट्रात बरीच आढळते. साखळ्या घरीच खळीने चिकटवलेल्या असतात.

फराळ आणि केक

नाताळाचा फराळ हा मराठी ख्रिस्ती घराचा खरा अभिमान. करंजी, शंकरपाळे, चकली, शेव, चिवडा, रव्याचे आणि बेसनाचे लाडू आणि ज्यांना साधतात त्यांच्याकडे अनारसे, अशी ही यादी दिवाळीचीच आहे. गोमंतकीय घरांत हीच करंजी ‘नेवरी’ होते आणि जोडीला दोदोल व बेबिंका येतात. कुलकुल हा पदार्थ मात्र सर्व ख्रिस्ती घरांत आवडीचा. मैदा, नारळाचे दूध आणि थोडे तूप यांचे पीठ मळून त्याच्या लहान गोळ्या काट्यावर किंवा स्वच्छ नव्या फणीवर दाबून गुंडाळायच्या, तळायच्या आणि साखरेच्या पाकात घोळवायच्या. शिंपल्यासारखा आकार येतो. हे काम एकट्याने होत नाही. संध्याकाळी सगळे घर परातीभोवती बसते, मुलांच्या हातून वेडेवाकडे कुलकुल होतात आणि तेही तळले जातात.

या फराळामागे एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांतील अनेकांची घरे तुटली. आईवडील, भाऊबंद, जात हे सारे मागे राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यानंतरची ताटातूट, सोवळ्या-ओवळ्याची धरसोड आणि अखेर १९०० मध्ये स्वतःचा झालेला बाप्तिस्मा हे सारे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात विलक्षण प्रांजळपणे सांगितले आहे. धर्म बदलला तरी हाताची चव बदलली नाही. सासर-माहेर तुटलेल्या बायांनी आईकडून शिकलेली करंजी नव्या सणाच्या ताटात ठेवली. नाताळाच्या फराळाला ‘दिवाळीची नक्कल’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. ती नक्कल नव्हे. तुटलेल्या घराचा जपून ठेवलेला भाग आहे.

केक हा पदार्थ मिशनच्या बंगल्यांतून आणि रेल्वेच्या वसाहतींतून मराठी घरांत आला. घरात ओव्हन नसे, तेव्हा दोन उपाय होते. एक, मिश्रण डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर भाजावयास द्यायचे. दुसरा, वाळूवरचा केक. ही पद्धत आजही करून पाहण्याजोगी आहे.

पाव किलो मैदा, तेवढीच पिठीसाखर, २०० ग्रॅम लोणी, ४ अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मनुका, बेदाणे, काजू, टूटीफ्रूटी मिळून २०० ग्रॅम सुकामेवा आदल्या दिवशी भिजत घालावा. गोमंतकीय आणि अँग्लो-इंडियन घरांत तो रममध्ये भिजवतात. मद्य वर्ज्य मानणाऱ्या मंडळींच्या घरांत संत्र्याचा रस वापरतात आणि डिसेंबरात संत्र्यांना तोटा नसतो. रंगासाठी तीन चमचे साखर कोरडीच तांबूस-काळी होईपर्यंत तापवून त्यात बेताने गरम पाणी घालावे. लोणी व साखर हलके होईपर्यंत फेसून त्यात एकेक अंडे घालावे. मग चाळलेला मैदा, गार झालेला साखरेचा रंग व मैद्यात घोळवलेला मेवा घालून हलक्या हाताने मिसळावे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे स्वच्छ कोरडी वाळू घालून ती दहा-पंधरा मिनिटे झाकून तापवावी. तिच्यावर तूप लावलेला केकचा डबा ठेवून जड झाकण घालावे आणि आच मंद करावी. तासाभराने विणकामाची सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला. चुलीच्या काळात झाकणावर निखारे ठेवत, त्यामुळे वरची बाजूही खमंग होई.

जेवणात खान्देशचा हात दिसतो. काळ्या मसाल्याचा झणझणीत मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा, सोबत बाजरीची भाकरी किंवा पुलाव. शिवाय नाताळाचे दिवस आणि भरिताचा हंगाम एकच असल्याने मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना एक दिवस शेतावर नेऊन कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालण्याचा मोह कोणत्याही धर्माच्या खान्देशी घराला आवरत नाही.

पेटीवरचा नाताळ

डिसेंबरच्या मध्यापासून कॅरलची पथके निघतात. चर्चमधील तरुण मंडळी आणि शब्बाथशाळेची मुले रात्री एकेका ख्रिस्ती घरी जातात, अंगणात उभे राहून गातात, पाळक किंवा वडीलधारे प्रार्थना करतात आणि यजमान चहा-फराळ देतात. सोबत पेटी, ढोलकी आणि टाळ असतात. इंग्रजी कॅरलांची मराठी रूपांतरे गायिली जातात, पण अंगणात रंग भरतो तो देशी चालींनी.

या देशी चालींचे मोठे श्रेय टिळकांकडे जाते. अभंग, ओवी, कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार ख्रिस्ती उपासनेत यायला हवेत, असा त्यांचा आग्रह होता. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते आहेत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. मराठीतील ख्रिस्ती काव्याची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले.

खान्देशाला या परंपरेशी जोडणारा एक हृद्य दुवा आहे. धरणगावला जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. त्या संमेलनाला टिळक उपस्थित होते. पुढे हा हिंदू मुलगा नगरला टिळकांच्या ख्रिस्ती घरात राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली. १९१८ मध्ये जळगावजवळ भादली येथे रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. धर्म भिन्न असूनही एका घरात, एका पंगतीला बसता येते याचे मराठी साहित्यातील हे उदाहरण खान्देशाच्याच मुलाचे आहे.

दोन दिवसांचा क्रम

२४ तारखेला संध्याकाळी बाहेरगावची मंडळी पोहोचतात. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव, भुसावळला उतरणारे, चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला जाणारे, अशा सर्वांची वाट पाहिली जाते. कॅथलिक कुटुंबे मध्यरात्रीच्या मिस्साला जातात. परतल्यावर घरातील सर्वांत लहान मूल गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवते. प्रॉटेस्टंट घरांत २५ तारखेच्या सकाळची उपासना महत्त्वाची. नवे कपडे घालून सारे चर्चला जातात आणि उपासना संपल्यावर एकमेकांना ‘सलाम’ करून शुभेच्छा देतात.

जुन्या घरांत याशिवाय एक कौटुंबिक उपासना होते. सर्व जण एका खोलीत बसतात. आजोबा किंवा आजी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचतात. नावनोंदणीसाठी निघालेले योसेफ व मरीया, उतारशाळेत न मिळालेली जागा, गव्हाणीत ठेवलेले बाळ आणि रानात कळप राखणारे मेंढपाळ ही कथा दरवर्षी तीच असते. मग एक भजन आणि प्रार्थना. प्रार्थनेत घरातील प्रत्येकाचे नाव घेतले जाते. जे हयात नाहीत त्यांची आठवण काढली जाते. वीस मिनिटांचा हा कार्यक्रम, पण घरापासून दूर गेलेल्या मुलांना पुढे नाताळ आठवतो तो याच वीस मिनिटांमुळे.

वर्षअखेरीस ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना होते आणि ६ जानेवारीच्या सुमारास, मागी लोकांच्या आगमनाच्या सणानंतर, तारा उतरवला जातो.

शेजारचे ताट

दुपारनंतर ताटे निघतात. फराळाचे एकेक ताट, वर विणलेला रुमाल, आणि ते घेऊन जाणारी मुले. दिवाळीत ज्या घरांतून ताट आले होते, ईदला ज्या घरातून शिरखुर्मा आला होता, त्या सर्व घरी नाताळाचे ताट जाते. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही ही रीत सर्वांनाच ठाऊक असल्याने परतीच्या ताटात निदान साखर तरी असतेच.

यात एक जुना विवेकही दिसतो. हा काळ बहुधा मार्गशीर्षाचा. शेजारी गुरुवारचे व्रत असते, काही घरे कडक शाकाहारी असतात. म्हणून शेजारच्या ताटातील फराळ वेगळ्या तेलात तळायचा, त्यात अंडे घालायचे नाही आणि अंड्याचा केक विचारल्याशिवाय पाठवायचा नाही, हे ख्रिस्ती घरांतील बायका न सांगता पाळत आल्या आहेत. देणाऱ्याने घेणाऱ्याचा नेम सांभाळायचा, एवढा साधा हा व्यवहार आहे.

धुळे शहराने २००८ आणि २०१३ मध्ये दंगलीचे दिवस पाहिले. ज्या शहराने असे दिवस पाहिले आहेत, तेथे एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या ताटाचे मोल अधिक. ताटाने दंगल थांबत नाही हे खरे. परंतु ज्या घराचा उंबरठा वर्षातून दोनदा ओलांडला जातो, त्या घराविषयीची अफवा सहजासहजी खरी वाटत नाही, हेही तितकेच खरे.

काय टिकवावे?

हा नाताळ आता आक्रसतो आहे. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, काही परदेशी गेली. घरी दोनच म्हातारी माणसे उरली की चार डब्यांचा फराळ कोणासाठी करायचा, असा प्रश्न पडतो. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना इंग्रजी कॅरल पाठ असतात, पण ‘उपासना संगीत’ वाचताना ती अडखळतात. सदनिकांच्या इमारतींत दारे बंद असतात, त्यामुळे ताट कोणाकडे न्यायचे हेही ठरवावे लागते. केक आणि फराळ विकत मिळतो. त्यात वावगे काही नाही. मात्र परातीभोवती बसण्याची संध्याकाळ विकत मिळत नाही.

सगळे करणे शक्य नसेल, तर तीन गोष्टी तरी जपता येतील. घरात एक तरी पदार्थ सर्वांनी मिळून करावा. आजी-आजोबांना येणारी मराठी भजने त्यांच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. चाली कागदावर उतरत नाहीत आणि त्या जाणणारी पिढी आता थकली आहे. आणि निदान दोन घरी ताट न्यावे, त्यांपैकी एक घर नव्या शेजाऱ्याचे असावे.

हा लेख वाचणारे बहुतेक वाचक ख्रिस्ती नसतील. त्यांच्यासाठीही एक गोष्ट सोपी आहे. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत ओसरीवर तारा लागलेले घर दिसले, तर २५ तारखेच्या संध्याकाळी पाच मिनिटे जाऊन यावे. दार उघडेल, पाट किंवा खुर्ची पुढे होईल आणि समोर येणाऱ्या ताटलीतली करंजी ओळखीची निघेल.